पहिला ऑपेरा कोणता पाहावा? ‘ला बोएम’च्या निमित्ताने

ऑपेरा आपल्यासाठी नाही, असे ठामपणे सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी पाहिलेला नसतो. कुठेतरी कानावर पडलेला टिपेचा आवाज, उंची पोशाखातल्या प्रेक्षकांचे छायाचित्र आणि न कळणारी भाषा एवढ्या शिदोरीवर हे मत तयार होते आणि पुढे आयुष्यभर टिकते. ते बदलावे, असे मला मनापासून वाटते. परंतु ‘एकदा ऑपेरा पाहा’ अशी मोघम शिफारस करण्यात अर्थ नाही, कारण चारशेहून अधिक वर्षांच्या या परंपरेत पाऊण तासात संपणाऱ्या कृती आहेत आणि चार संध्याकाळी मिळून सुमारे पंधरा तास चालणारी मालिकाही आहे. पहिली निवड चुकली, तर नवखा माणूस बहुधा दुसऱ्यांदा त्या वाटेला जात नाही. म्हणून येथे मी एकाच कृतीचे परीक्षण करीत आहे. ती म्हणजे इटालियन संगीतकार जाकोमो पुचिनी यांचा ‘ला बोएम’. ऑपेरा या कलाप्रकाराला जे जमते आणि इतर कोणत्याही प्रकाराला तितक्या ताकदीने जमत नाही, ते या कृतीत नवख्या माणसालाही पहिल्याच भेटीत जाणवू शकते.

१ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरीन येथील तेआत्रो रेजिओ या नाट्यगृहात ‘ला बोएम’चा पहिला प्रयोग झाला. त्याचे संगीत-संचालन त्या वेळी अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आर्तुरो तोस्कानिनी यांनी केले होते. आंरी म्युर्झे यांच्या कथांवरून लुइजी इल्लिका आणि जुझेप्पे जाकोझा यांनी संहिता लिहिली. अंक चार असले, तरी प्रत्यक्ष संगीत दोन तासांहून कमी आहे. कथा चार ओळींत सांगता येते. १८३० च्या सुमारास पॅरिसमध्ये पोटमाळ्यावरच्या एका खोलीत चार निर्धन मित्र राहतात. त्यांच्यात एक कवी, एक चित्रकार, एक संगीतकार आणि एक तत्त्वचिंतक आहे. कवी रोदोल्फो आणि शेजारची, भरतकाम करून पोट भरणारी मिमी यांचे प्रेम जुळते. मिमीला क्षय झालेला असतो, दारिद्र्य आणि आजार यांपुढे दोघांचा संसार टिकत नाही आणि अखेरीस ती त्याच खोलीत परत येऊन प्राण सोडते. राजे, देवता, शाप, शपथा यांतले काहीही येथे नाही. घरभाडे थकलेले आहे, चुलीत घालायला लाकूड नाही आणि थंडीपासून वाचण्यासाठी कवी स्वतःच्याच नाटकाचे हस्तलिखित जाळतो. ही माणसे समजून घ्यायला इतिहासाचा अभ्यास लागत नाही.

पहिल्या अंकाचा उत्तरार्ध मी थोडा जवळून सांगतो, कारण सगळ्या शिफारशीचा आधार तोच आहे. नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आहे. मित्र बाहेर गेले आहेत आणि रोदोल्फो लेख पुरा करण्यासाठी मागे थांबला आहे. दारावर टकटक होते. विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला मिमी आली आहे. जिना चढून तिला धाप लागलेली आहे आणि ती क्षणभर भोवळ येऊन पडते, म्हणजे तिचा आजार आपल्याला पहिल्या भेटीतच दिसलेला असतो. ती निघते, पण खोलीची किल्ली हरवल्याचे तिच्या लक्षात येते, दारातल्या वाऱ्याने तिची मेणबत्ती पुन्हा विझते, रोदोल्फोचीही विझते आणि दोघे अंधारात जमीन चाचपत किल्ली शोधू लागतात. रोदोल्फोला ती सापडते. तो ती मुकाट्याने खिशात टाकतो आणि शोधण्याचे नाटक चालू ठेवतो. मग अंधारात त्याचा हात तिच्या हाताला लागतो आणि ‘किती गारठलाय हा चिमुकला हात’ अशा अर्थाच्या शब्दांनी तो गाऊ लागतो.

हे गाणे सुरू कसे होते, तिकडे लक्ष द्यावे. टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष आवाजाच्या गायकाची जगप्रसिद्ध रचना असूनही आरंभी तो जवळजवळ एकाच स्वरावर, बोलल्यासारखा, हळू आवाजात गातो. अनोळखी मुलीला घाबरवू नये एवढी काळजी त्या आवाजात आहे. आपण कोण, काय करतो, कसे जगतो हे सांगता सांगता चाल हळूहळू वर चढते आणि ‘आशा’ या शब्दावर ती तारसप्तकातल्या त्या सुप्रसिद्ध ‘सी’ स्वरापर्यंत पोहोचते. संकोच, धीटपणा, बढाई आणि एका क्षणी स्वतःलाच न आवरणारा उमाळा हा सारा प्रवास काही मिनिटांत पूर्ण होतो. साध्या नाटकात एवढ्या वेळात एवढ्या टोकापर्यंत गेलेले पात्र खोटे वाटले असते. येथे तसे वाटत नाही, कारण प्रत्येक पायरी कानाने चढलेली असते.

मिमीचे उत्तर मला त्याहूनही सुंदर वाटते. मला मिमी म्हणतात, पण माझे नाव लुचिया, मी कापडावर फुले भरते, एकटीच जेवते, अशी साधी माहिती ती तुटक, साध्या स्वरांत देते. मग ती म्हणते की बर्फ वितळू लागले की पहिले ऊन माझे असते, आणि त्या एका वाक्यावर इतका वेळ अंग चोरून बसलेला वाद्यवृंद एकदम पूर्ण खुला होतो. छपरालगतच्या खोलीत राहणाऱ्या गरीब मुलीच्या वाट्याला आलेली एकुलती एक श्रीमंती म्हणजे ते ऊन, हे आपल्याला कोणी समजावून सांगत नाही. ते संगीतातून थेट पोहोचते. त्यानंतर आपण भरलेल्या फुलांना गंध नसतो, असे सांगून ती पुन्हा बोलीच्या पातळीवर उतरते आणि ‘मी अवेळी येऊन त्रास देणारी तुमची शेजारीण’ अशा नम्र शब्दांनी थांबते. पुढचे युगुलगीत गात दोघे खोलीबाहेर पडतात आणि अखेरचे स्वर रंगमंचाच्या आतून ऐकू येतात. तेथे पुचिनींनी टेनरला खालचा स्वर दिला आहे, पण अनेक गायक सोप्रानोबरोबर, म्हणजे मिमीच्या उंच स्त्री-आवाजाबरोबर, वरचा स्वर लावतात. मला खालचाच अधिक योग्य वाटतो, कारण त्यामुळे अंकाचा शेवट मिमीचा राहतो.

या प्रसंगाचे खरे मोल चौथ्या अंकात कळते. मरणाच्या दारात असलेली मिमी रोदोल्फोला पहिल्या भेटीची आठवण करून देते, पहिल्या अंकातल्या चाली वाद्यवृंदात अत्यंत क्षीण होऊन परत येतात आणि ती त्याला सांगते की किल्ली तुला फार लवकर सापडली होती, हे मला तेव्हाच ठाऊक होते. तो उत्तर देतो, मी नशिबाला हात देत होतो. शब्द एवढेच आहेत. परंतु ती चाल प्रेक्षकाच्या स्मरणातही असते, त्यामुळे आठवण फक्त पात्रांना येत नाही, ती आपल्यालाही येते. गायलेल्या नाटकाला भूतकाळ असा स्वरांतून समोर उभा करता येतो. स्वर थकलेले असतील तर तोच भूतकाळ आता किती दूर गेला, हेही त्याच क्षणी ऐकू येते.

आणि मग मृत्यू. त्यासाठी मिमीला कोणतेही भव्य गाणे दिलेले नाही. ती झोपी जावी तशी जाते. हे सर्वांत आधी संगीतकार शोनारच्या लक्षात येते, मग इतरांच्या आणि सर्वांत शेवटी रोदोल्फोच्या. मित्रांचे चेहरे पाहून तो विचारतो की ही ये-जा कसली, माझ्याकडे असे का पाहता, आणि हे शब्द तो गात नाही, बोलतो. जवळजवळ दोन तास प्रत्येक क्षुल्लक वाक्य सुरात ऐकल्यानंतर आलेले हे कोरडे बोलणे अंगावर काटा आणते. पात्रे गाण्यातून का बोलतात, हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. त्याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही, कारण गाणे थांबते तेव्हाच ते आतापर्यंत काय करीत होते याची जाणीव होते.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर ज्युझेप्पे वेर्दी यांच्या ‘रिगोलेत्तो’मध्ये मिळते, म्हणून थोडे विषयांतर करतो. व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात १८५१ मध्ये पहिल्यांदा सादर झालेल्या या ऑपेराच्या शेवटच्या अंकात एक चौगायन आहे. खानावळीच्या आत ड्यूक एका स्त्रीची आर्जवे करतो आहे आणि ती हसून त्याला उडवून लावते आहे. बाहेर अंधारात त्याच ड्यूकवर जीव लावलेली जिल्दा हे पाहून कोसळते आहे आणि तिचा बाप सूडाचा निश्चय करतो आहे. चौघे एकाच वेळी गातात, चौघांच्या मनांत वेगवेगळे आहे आणि तरीही चौघे स्वतंत्रपणे ओळखू येतात. बोलक्या नाटकात चार माणसे एकदम बोलली तर गोंधळ होतो. येथे त्याच चार आवाजांचे एक सुसंगत चित्र तयार होते. त्यानंतर बाप ड्यूकचे प्रेत आहे असे समजून पोते नदीत टाकायला निघतो आणि दुरून ड्यूकचेच खुशालचेंडू गाणे ऐकू येते. सूड फसला हे त्याला आणि आपल्याला त्या एका ओळखीच्या चालीवरून कळते. पोत्यात मग कोण, हा प्रश्न त्या आनंदी सुरांतच जन्म घेतो.

आता आवाजाविषयी. ऑपेराचे गायन चित्रपटसंगीताला सरावलेल्या कानाला प्रथम अवजड वाटते. त्यामागचे कारण समजले की ते वेगळ्या रीतीने ऐकू येऊ लागते. परंपरेने ऑपेरा गायकाला ध्वनिक्षेपक नसतो. समोर साठ-सत्तर वादकांचा ताफा आणि त्यापलीकडे हजार-दोन हजार माणसांचे प्रेक्षागृह असते आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा लागतो. केवळ जोराने ओरडून हे साधत नाही. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा जोर साधारणपणे ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि वर जाताना कमी होतो. प्रशिक्षित गायक, विशेषतः पुरुष गायक, घशाची ठेवण अशी साधतात की त्यांच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या सुमारास जादा तेज येते. त्या पट्ट्यात वाद्यवृंद तुलनेने विरळ असतो, म्हणून एकटा गळा साऱ्या वाद्यांमधून पलीकडे जातो. कोणत्याही यंत्राच्या मदतीविना माणसाचा आवाज एवढी मोठी जागा भरून टाकतो, हा अनुभव शरीराला जाणवतो, आणि तो प्रत्यक्ष नाट्यगृहातच मिळतो. ध्वनिमुद्रणात तो पुरता उतरत नाही, हे या कलेच्या प्रसारातले मोठे दुर्दैव आहे. बहुतेकांची पहिली ओळख ध्वनिमुद्रणातूनच होते आणि नेमकी उणी बाजूच त्यांच्या वाट्याला येते.

भाषेची अडचण मात्र आता जवळपास उरलेली नाही. १९८३ च्या जानेवारीत टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्ट्रा’ या ऑपेराच्या प्रयोगात रंगमंचाच्या वर भाषांतर झळकवले आणि ती पद्धत जगभर पसरली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात १९९५ पासून समोरच्या आसनाच्या पाठीवरच्या छोट्या पट्टीवर भाषांतर दिसते आणि नको असल्यास ते बंदही करता येते. तरीही माझा आग्रह आहे की कथासार आधी वाचून जावे, आणि शेवटासह वाचावे. शेवट कळल्याने रसभंग होईल ही भीती येथे निराधार आहे. मिमी मरणार हे माहीत असलेल्या प्रेक्षकालाच पहिल्या अंकातली तिची धाप ऐकू येते. शिवाय भाषांतराच्या ओळींना चिकटून राहिलेली नजर गायकाचा चेहरा गमावते, हे नुकसान कथासार वाचल्याने बरेच टळते.

या कृतीत उणिवा नाहीत, असे मुळीच नाही. दुसरा अंक नवख्यांसाठी खरोखर अवघड आहे. कॅफे मोमुसच्या बाहेरची गर्दी, फेरीवाले, खेळणी मागणारी मुले, मित्रांचे टेबल, चित्रकार मार्चेल्लो आणि त्याची जुनी प्रेयसी मुसेत्ता यांचे भांडण, हे सगळे वीस मिनिटांच्या आत एकाच वेळी घडते. भाषांतराच्या ओळी झरझर बदलतात आणि कोण काय गाते आहे ते कळेनासे होते. अशा वेळी ओळी वाचणे सोडून केवळ मुसेत्ताकडे पाहावे. तिच्या वॉल्ट्झच्या चालीभोवतीच अंक फिरतो आणि तेवढे हाती लागले तरी पुरे. दुसरी उणीव कथेतली आहे. पहिल्या अंकातले प्रेम आणि तिसऱ्या अंकातला बेबनाव यांच्यामधला काळ रंगमंचावर येतच नाही, त्यामुळे रोदोल्फोचे संशयी वागणे अचानक समोर येते. तो मिमीच्या आजाराला भिऊन तिला दूर करतो आहे, हे बर्फातल्या त्या तिसऱ्या अंकात उघड होते आणि ते दृश्य मनाला चटका लावते, पण तोवर प्रेक्षक थोडा गोंधळलेला असतो. तिसरी गोष्ट या एका कृतीपुरती नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेरांत स्त्रियांचे मरण फार वेळा कथेचा कळस ठरते. ही खंत मला प्रामाणिक वाटते, आणि संगीत श्रेष्ठ असल्याने ती नाहीशी होत नाही.

निर्मितीनुसारही फरक पडतो. काही दिग्दर्शक कथा आजच्या काळात नेतात, तर काही संहितेपासून पुष्कळ दूर जातात. जाणकारांना त्यात रस असतो. मी स्वतः अशा प्रयोगांच्या विरोधात नाही, परंतु मेणबत्ती आणि किल्ली जेथे खरोखर दिसतात असा सरळ प्रयोग पहिल्या भेटीसाठी निवडावा, असे सुचवेन. पोशाखाची काळजी करू नये. बहुतेक नाट्यगृहांत नीटनेटके कपडे पुरेसे असतात. टाळ्या कधी वाजवायच्या हे कळत नसेल, तर इतरांनी सुरुवात करेपर्यंत थांबावे.

नाट्यगृह आवाक्यात नसेल, तर दोन चांगले पर्याय आहेत. मेट्रोपोलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग अनेक देशांतल्या चित्रपटगृहांत थेट दाखवण्यास सुरुवात केली. मोठा पडदा, चांगला ध्वनी आणि अंधारात बसलेले इतर प्रेक्षक यांमुळे एकाग्रता टिकते. चेहरे इतक्या जवळून दिसतात, की नाट्यगृहात दूरच्या रांगेतल्या प्रेक्षकाला तसे कधीच दिसत नाहीत. दुसरा पर्याय ऑपेराव्हिजन या युरोपीय संकेतस्थळाचा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर वेगवेगळ्या नाट्यगृहांतले संपूर्ण प्रयोग उपशीर्षकांसह विनामूल्य पाहता येतात. ते ठरावीक मुदतीपुरतेच उपलब्ध असल्याने हवी ती कृती हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही, परंतु खर्च न करता चव घेण्यासाठी ही सोय उत्तम आहे. घरी पाहताना एक पथ्य पाळावे. प्रसिद्ध गाण्यांचे सुटे तुकडे न पाहता निदान एक अंक सलग पाहावा, चांगले हेडफोन लावावेत आणि फोन दूर ठेवावा. ‘ला बोएम’चा पहिला अंक सुमारे पस्तीस मिनिटांचा आहे. कलाप्रकार आपल्याला मानवतो की नाही, याचा निवाडा करायला एवढा वेळ पुरतो. तुकड्यांमधून मात्र तो करता येत नाही, कारण तिथे स्वर चढलेला ऐकू येतो, पण तो का चढला हे कळत नाही.

पुढे काय पाहावे, हे पहिल्यातले काय आवडले त्यावर ठरवावे. चालींनी मन वेधले असेल, तर जॉर्ज बिझे यांचा ‘कारमेन’ पाहावा. १८७५ च्या मार्चमध्ये पॅरिसला तो प्रथम सादर झाला आणि त्याची पुढची कीर्ती न पाहताच बिझे तीन महिन्यांत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारले. मुले बरोबर असतील किंवा बोलण्या-गाण्याचे मिश्रण अधिक सोपे वाटत असेल, तर मोझार्ट यांची १७९१ मधली ‘जादूची बासरी’ निवडावी. पात्रे एकमेकांवर आदळतात तेव्हा संगीत काय करते, याची ओढ लागली असेल, तर ‘रिगोलेत्तो’ आणि त्यानंतर मोझार्ट यांचेच ‘फिगारोचे लग्न’. त्याच्या दुसऱ्या अंकाचा शेवट दोन पात्रांच्या भांडणापासून सुरू होतो, एकेक जण आत येत सातजणांपर्यंत वाढतो आणि सुमारे वीस मिनिटे संगीत न थांबता घटना पुढे सरकत राहते. रिचर्ड वाग्नर यांच्या दीर्घ कृतींची घाई करू नये. त्यांतल्या ‘ट्रिस्टान’चे संगीतच जवळपास चार तासांचे आहे, आणि ते तास आनंदात जाण्यासाठी छोट्या कृतींतून कान तयार झालेला असावा लागतो.